चट्ट्यापाशी बसताना

अंघोळ झाली आहे. अंग टिपून झालं आहे. बाही कोपराच्या वर सरकवा आणि उजेड येतो तिथे बसा.

खिडकीशी, गॅलरीत, ओटीवर. थोडा वेळ कुणी हाक मारणार नाही अशी जागा.

हात मांडीवर ठेवा. कोपर उजेडाकडे वळवा.

आता बघा.

तुमच्या अंगावर चट्टा नसेल, घरातल्या कुणाच्या असेल, तरी बसा. कोपर तुम्हालाही आहे. तुमची पाळी पुढे येणार आहे.

एक श्वास आत. एक श्वास बाहेर.

चट्ट्याकडे तुमचं रोजच लक्ष जातं. पण ते बघणं ओझरतं. वाढला का, एवढं विचारून नजर मागे फिरते. आज तिला तिथेच बसू द्या.

कडा दिसते आहे? सोरायसिसच्या चट्ट्याची कडा सहसा स्पष्ट असते. चट्टा कुठे संपतो आणि नितळ कातडी कुठे सुरू होते, ते बोटाने दाखवता येतं. त्या कडेवरून नजर फिरवा. एक पूर्ण वळसा. हळू.

रंग बघा.

परदेशी पुस्तकांत लाल चट्टा आणि त्यावर चंदेरी कोंडा असं वर्णन असतं. ते गोऱ्या कातडीवरून लिहिलेलं आहे. सावळ्या अंगावर तोच चट्टा जांभळट दिसतो, कधी तपकिरी, कधी राखाडीकडे झुकलेला. वरचा पापुद्रा पांढुरका. तुमचा रंग कोणता, ते तुमच्या डोळ्यांनी बघा.

जाडी बघा. भेगा आहेत का? कुठे कोरडं, कुठे जरा मऊ?

बघता बघता मनात काहीतरी उठेल. किळस असेल, राग असेल, कंटाळा असेल. उठू द्या. त्याला परतवायचं नाही, त्याच्यामागे जायचंही नाही.

पुन्हा कोपर.

पुन्हा श्वास.

•

आता नजर कातडीच्या आत न्या. डोळे मिटले तरी चालतील.

आपण जिला कातडी म्हणून हात लावतो, तिचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. पेशी जन्मतात त्याच्या खाली, तळाशी. तिथे ओल आहे, ऊब आहे, अंधार आहे.

एक पेशी जन्मते.

ती वर सरकू लागते. सरकता सरकता चपटी होते. पोटातलं केंद्रक विरवून टाकते. कठीण होते. शेजारच्या पेशींना घट्ट चिकटून बसते आणि तुमच्या आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. मग एके दिवशी गळून पडते, चादरीवर, टॉवेलवर, कुणाच्या लक्षातही न येता.

निरोगी कातडीत या प्रवासाला साधारण महिना लागतो. २८ ते ३० दिवस. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत.

तो महिना मनात आणा. कला वाढते. पौर्णिमा येते. कला उतरते.

श्वास तितकाच संथ होऊ द्या.

आता तुमच्या कोपराखालची पेशी बघा. तीही तशीच जन्मते. पण तिला खालून रेटा आहे. ती तीन ते पाच दिवसांत वर येऊन पोचते. केंद्रक तिच्या पोटात तसंच असतं. घट्ट चिकटायला, नीट सुकायला, गुपचूप गळायला तिला सवड मिळालेली नसते.

भट्टीतून कच्चीच काढलेली मडकी एकावर एक रचत जावीत, तशा या पेशी वर साठतात.

हाच तो पापुद्रा. हाच तो कोंडा. रोज सकाळी चादर झटकताना पडतो तो.

त्यात घाण नाही. त्यात रोगजंतू नाहीत. ‘रक्त बिघडलंय’, ‘पोट साफ नाही म्हणून’, हे आजूबाजूचे शब्द तुम्हाला आत्ता आठवत असतील. आठवू द्या. येतील आणि जातील.

मग ही घाई कशाची?

आपल्या अंगात पहारा देणाऱ्या पेशी आहेत. त्यांतल्या टी पेशी इथे, या कोपराशी, जमल्या आहेत. त्या एकमेकींना निरोप देत राहतात. त्या निरोपांना शास्त्रज्ञांनी नावं दिली आहेत, इंटरल्युकिन-२३, इंटरल्युकिन-१७, टीएनएफ. निरोपाचा मथितार्थ एकच, इथे काहीतरी बिघडलं आहे, लवकर भरून काढा.

खरचटल्यावर कातडी अशीच भराभर वाढते. जखम भरली की थांबते. इथे जखमच नाही, त्यामुळे थांबायची खूण कुणाला मिळत नाही.

कोपरावर हात ठेवा. तळहात सपाट.

आत धावपळ आहे. बाहेर तुमचा हात आहे, स्थिर.

एवढंच. थोडा वेळ एवढंच.

•

हे कधी सुरू झालं, ते आठवतं?

आठवायचं असेल तर आठवा. उत्तर सापडलंच पाहिजे असं नाही.

कुणाच्या घराण्यात हा आजार असतो. पण वारसा सगळं ठरवत नाही. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांतही एकाला सोरायसिस असतो आणि दुसऱ्याचं अंग नितळ राहतं. वारशाला कुठलं तरी निमित्त लागतं.

कुणाचा घसा दुखला होता, ताप आला होता, आणि दोन-तीन आठवड्यांनी छाती-पाठीवर थेंबाथेंबांसारखे बारीक ठिपके उमटले. मुलांत आणि तरुणांत असं होतं. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनंतर.

कुणाला रक्तदाबाची गोळी बदलल्यावर. बीटा ब्लॉकर गटातली औषधं, लिथियम, मलेरियाची काही औषधं चट्टा चाळवू शकतात. तसं वाटत असेल तर गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

कुणाला दारू आणि सिगारेट वाढल्यावर. कुणाला वजन वाढल्यावर. कुणाला दरवर्षी मार्गशीर्षात हवा कोरडी पडली की.

आणि कुणाला घरातलं माणूस गेल्यावर. नोकरी सुटल्यावर. परीक्षेच्या आधी.

तुमचं यांतलं कोणतं असेल, ते मनाशी एकदा म्हणा. त्यात तुमचा दोष शोधू नका. नुसतं म्हणा, हे झालं होतं.

श्वास बाहेर सोडा.

•

खाज येते आहे?

बहुधा येत असेल. आपण तिच्याविषयी बोलू लागलो की ती येतेच.

हात उचलण्याआधी थांबा.

खाज नेमकी कुठे आहे? कडेला की मध्ये? ती एकाच जागी आहे की फिरते? तिला टोक आहे का? ती वाढते, वाढते, आणि मग? तिच्याबरोबर पाच श्वास राहून बघा.

एक.

दोन.

तीन.

नख लावलं की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पापुद्रा निघतो आणि खाली रक्ताचे बारीक बारीक ठिपके दिसतात. वरचा थर तिथे फार पातळ झालेला असतो आणि रक्तवाहिन्या अगदी जवळ आलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट होते, ती नंतर दिसते. १८७०च्या दशकात हाइनरिश कोबनर या जर्मन त्वचातज्ज्ञांनी ती टिपून ठेवली. त्यांच्या एका रुग्णाच्या अंगावर जिथे ओरखडे उठले, जिथे घोड्याने चावा घेतला, जिथे गोंदून घेतलं, तिथे तिथे सोरायसिस उमटला. कातडीला इजा झाली की नवा चट्टा त्या वाटेने येतो.

म्हणून वज्री नको. काथ्याची घासणी नको. उटणं लावाल तेव्हाही रगडू नका. पापुद्रा ओढून काढायचा मोह होतो, तो मला समजतो. निघाल्यावर क्षणभर जागा स्वच्छ वाटते. पण शरीराने जिथे जखम नसताना जखम मानली आहे, तिथे खरीच जखम कशाला द्यायची?

नखं कापलेली असू द्या. खाजेवर तळहात दाबून धरा. नाहीतर गार पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं ठेवा.

चार.

पाच.

खाज गेली नसेल. थोडी बदलली आहे का, तेवढं बघा.

असं बसून काय होणार, असं कुणाच्या मनात येईल. १९९८ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबात-झिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोरायसिसच्या ३७ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे प्रकाशोपचार घेत होते. त्यांतल्या काहींना त्या दिव्यांच्या पेटीत उभं असताना श्वासाकडे, शरीराकडे लक्ष द्यायला सांगणारी ध्वनिफीत ऐकवली. त्यांची कातडी इतरांपेक्षा लवकर साफ झाली.

अभ्यास लहान होता. दिवे बंद करून नुसतं बसलेल्यांवर तो नव्हता. उपचार आणि लक्ष दोन्ही एकत्र होते, आणि मला त्यातलं हे एकत्र असणंच फार मोलाचं वाटतं.

कातडी आणि मज्जासंस्था गर्भात एकाच थरातून घडतात. चट्ट्याच्या जागेची नस निकामी झाली आणि तिथला चट्टा मावळला, अशाही नोंदी आहेत. कातडीला मनाचं ऐकू जातं, असं मी म्हणते ते याच्याच आधाराने.

ऐकू जातं तर हळू बोलूया.

•

आता तेल.

थंडीत खोबरेल थिजलेलं असतं. बाटलीतून निघत नाही. बोटाने थोडं खरवडून तळहातावर घ्या.

थांबा. विरघळू द्या.

पांढरा गोळा कडेने पारदर्शक होतो. मग घसरतो. मग नुसतं तेल उरतं, तळहाताच्या रेषांमध्ये उतरलेलं. वास घ्या.

कातडी अजून किंचित ओलसर असेल तर उत्तम. पाणी आत असताना वरून तेल लावलं की ते पाणी टिकतं. म्हणून अंघोळ कोमट पाण्याची, लवकर आटोपलेली, आणि अंग पुसण्याऐवजी टिपलेलं. मग पाचेक मिनिटांच्या आत तेल. आपल्याकडे तेल अंघोळीच्या आधी लावायची रीत आहे. या कातडीला ते नंतरही हवं असतं.

आता चट्ट्यावर तळहात टेका. चोळू नका. पसरू द्या.

नजर तिथेच ठेवा, कारण आत्ता एक गोष्ट घडते आहे.

पांढुरका पापुद्रा नाहीसा होतो आहे. तो गळला नाही, जागेवरच आहे. पापुद्र्यांच्या फटींत हवा अडकलेली होती, तिच्यामुळे तो पांढरा दिसत होता. तेल त्या फटींत शिरतं, हवा बाहेर पडते, आणि पापुद्रा आरपार दिसू लागतो. खालचा जांभळट रंग वर येतो.

तीच कातडी. फक्त आत शिरायला काहीतरी मऊ मिळालं.

बघत राहा.

साधं पेट्रोलियम जेलीचं मलमही हेच काम करतं, आणि कोरड्या हवेत जास्त वेळ करतं. ओट्स मिक्सरमधून अगदी बारीक दळून कोमट पाण्यात घालून त्यात हात बुडवून ठेवला तर खाज शमते. कोरफडीच्या गराने कुणाला थंड वाटतं; त्यावर लहान चाचण्या झाल्या आहेत, त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. हळदीचंही तसंच.

मी तेलाला पहिला मान देते. ते फार थोडं वचन देतं आणि तेवढं पाळतं. रोगाला हात लावत नाही, पण कातडीला भेगा पडू देत नाही, खाज उतरवतं, आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम आत शिरायला वाट मोकळी करतं.

दुसऱ्या कोपरालाही लावा.

घाई नको.

•

खिडकीत एक काचेची बाटली आहे, असं मनात आणा.

तिच्यात काळ्या कुड्याची पानं आहेत, खोबरेलात बुडवलेली. काळा कुडा हे आपल्या पानझडी रानातलं लहानसं झाड. पांढरी फुलं, आणि जोडीजोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. तमिळनाडूतल्या सिद्ध वैद्यांकडे या पानांचं तेल सोरायसिसवर देतात.

बाटली उन्हात आहे. ढवळायचं नाही. तापवायचं नाही.

तेल रंग धरू लागतं. आधी पानांच्या कडेशी जांभळी छटा. मग ती खाली उतरते. काही दिवसांत सगळी बाटली गर्द जांभळी होते.

त्या रंगाशी थोडं थांबा.

याच झाडाच्या पानांतून दक्षिणेत एकेकाळी नीळ काढत. आणि गंमत अशी की फार दूर तैवानमध्ये, दुसऱ्याच झाडांपासून केलेल्या निळीच्या भुकटीचं मलम सोरायसिसवर तपासलं गेलं. २००८ साली त्या चाचणीचे निकाल आले. मलम लावलेल्या बाजूचे चट्टे कमी झाले होते. दोन देशांच्या औषधींत एकच निळा धागा निघावा, याचं मला अप्रूप वाटतं. काळ्या कुड्याच्या तेलाचा मात्र तेवढ्या कसोशीने तपास झालेला नाही. लावायचं तर आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट बघायची.

वाट बघणं इथेही आहेच.

झाडाचं म्हणजे सौम्य, असं मानू नका. एक जुनी गोष्ट सांगते, गोव्याच्या नावाची.

ब्राझीलच्या जंगलात अरारोबा नावाचं झाड आहे. त्याच्या खोडातल्या फटींत आणि पोकळ्यांत पिवळसर भुकटी साठते. ती पोर्तुगीजांच्या वाटेने गोव्यात आली, आणि तिथून पुढे तिला ‘गोवा पावडर’ हेच नाव पडलं. आपल्याकडे ती गजकर्णावर लावत. १८७८ साली लंडनच्या बालमॅनो स्क्वायर या डॉक्टरांनी तिच्यातल्या द्रव्याच्या मलमाने सोरायसिस कसा उतरतो, यावर पुस्तक लिहिलं. पुढे १९१६ साली जर्मनीत त्याच धर्तीवर डिथ्रॅनॉल तयार झालं. ते आजही वापरलं जातं.

चट्टा त्याने खरोखर उतरतो. आणि बाजूच्या चांगल्या कातडीला लागलं तर ती भाजल्यागत जळजळते, कपड्यांवर न निघणारे डाग पडतात. दोन्ही गुण एकाच भुकटीचे.

बावचीचंही असंच. तिच्या बियांत सोरॅलेन असतं. ते कातडीला उन्हापुढे फार हळवं करतं. याच कुळातलं औषध आणि यूव्हीए किरण मोजून-मापून एकत्र वापरण्याची ‘पुवा’ ही पद्धत १९७४ पासून डॉक्टरांच्या हाती आहे. तेच घरी, बावचीचं तेल फासून उन्हात बसून केलं, तर फोड येतात. आणि फोडांच्या जागी नवे चट्टे. बावची पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणं आहेत.

आणखी एका गोष्टीपाशी मला तुम्हाला क्षणभर थांबवायचं आहे.

कुणीतरी पुडी देतं. ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणतं. आठवड्यात अंग साफ होतं. अशा पुड्यांत आणि मलमांत कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ती बंद केल्यावर आजार दुपटीने उसळतो, कधी सगळं अंग लाल होऊन सोलतं, पू भरलेले फोड येतात, थंडी वाजते. तशी वेळ आली तर घरचे उपाय बाजूला, थेट रुग्णालय.

आठवड्यात साफ, हे शब्द ऐकले की कोपरावर हात ठेवा.

महिना आठवा. अमावास्या ते अमावास्या.

•

ऊन सरकून तुमच्या हातावर आलं असेल.

येऊ द्या.

ऊब कुठे आधी जाणवते? कडेवर की मधोमध?

सकाळचं अगदी कोवळं ऊन ऊब देतं. चट्ट्यावर काम करणारे यूव्हीबी किरण मात्र त्यात फार थोडे. सूर्य वर चढतो तसे ते वाढतात. दवाखान्यातल्या दिव्यांत त्यांतला एक अरुंद पट्टा वेगळा काढलेला असतो, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा. उन्हातून ते मिळवायचे तर दिवस थोडा वर आल्यावर, काहीच मिनिटं, बाकीचं अंग झाकून. कातडी लाल व्हायच्या आत उठायचं. भाजणं हीसुद्धा इजाच.

इस्रायल आणि जॉर्डनच्या मध्ये मृत समुद्र आहे. त्याचा काठ समुद्रसपाटीच्या ४०० मीटरहून खाली. तिथल्या उन्हाला हवेचा जाडसर थर ओलांडून यावं लागतं, त्यात भाजणारे किरण बरेच गाळले जातात. जगभरातून सोरायसिसची माणसं तिथे जातात, खारट पाण्यात तरंगतात, काठावर पडून राहतात. साधारण चार आठवडे.

पुन्हा तोच महिना.

त्या काठाचं आणखी एक सुख मला फार खरं वाटतं. तिथे सगळेच उघड्या अंगाने बसलेले असतात, आणि कुणी कुणाकडे वळून बघत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. कदाचित तो तुम्हीच असाल. बसमध्ये वरचा दांडा धरताना बाही घसरते, आणि दुसरा हात आपोआप ती वर ओढतो.

त्या हालचालीकडे लक्ष द्या. ती आत्ता करून बघा. बाही खाली. बाही वर.

किती सराईत झाली आहे ती.

•

आता पुन्हा हात चट्ट्यावर ठेवा, आणि ठेवताना एक गोष्ट ऐका.

शतकानुशतकं या चट्ट्याला महारोग समजत आले. माणसांना वेशीबाहेर काढलं गेलं. १८४१ साली व्हिएन्नात फर्डिनांड हेब्रा यांनी स्पष्ट सांगितलं की हा आजार वेगळा आहे. २०१४ साली जागतिक आरोग्य परिषदेने ठराव करून हा आजार असंसर्गजन्य असल्याचं म्हटलं, आणि रुग्णांना मिळणाऱ्या वाईट वागणुकीकडे सगळ्या देशांचं लक्ष वेधलं.

सोरायसिस स्पर्शाने लागत नाही. एका ताटात जेवून लागत नाही. एकाच टॉवेलने, एकाच अंथरुणात लागत नाही. मिठीने लागत नाही.

तरी घरात साबण वेगळा होतो. सलूनवाला मानेकडे बघून कात्री खाली ठेवतो. लग्नाची बोलणी मध्येच थांबतात. नात्यातलं बाळ तुमच्या मांडीवर द्यायला आलेले हात थोडे आखडतात.

तो आखडलेला क्षण तुम्हाला आठवत असेल.

त्याच्याजवळ थोडं बसा. मीही बसते.

श्वास आत.

श्वास बाहेर.

औषधांनी चट्टा उतरतो. आज पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली औषधं आहेत. पण चट्टा असतानाच, तो उतरायच्या आधीच, या कातडीला माणसाचा हात हवा असतो. लोक हात काढून घेतात, आणि हळूहळू आपणही आपल्याच अंगावरून हात काढून घेतो. मलम लावायचं ते टोकाने, बोट लागेल न लागेल असं.

म्हणून आज हा तळहात सपाट ठेवायचा.

कोपराचा कोन तळव्यात मावतो. तेलाचा ओलावा. खालचं हाड. नाडी.

आता एक वाक्य मोठ्याने म्हणून बघा. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर तोंडातून सहज यावं म्हणून.

“सोरायसिस आहे. लागत नाही.”

पुन्हा एकदा. आवाज थोडा कमी, पण मान वर.

“सोरायसिस आहे. लागत नाही.”

आवाज कापला तर कापू द्या. परत म्हणता येईल.

•

उठायच्या आधी हाताची बोटं उघडा. मिटा. उघडा.

आखडलेली वाटतात का? सकाळी उठल्यावर अर्धा तास, कधी जास्त, सांधे मोकळे होत नाहीत असं होतं का? एखादं बोट अख्खं सुजतं का? नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे आहेत का? सोरायसिसच्या दहा जणांपैकी दोन-तीन जणांत हा आजार सांध्यांत उतरतो. तिथे तेल पोचत नाही. हे दिसलं तर वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. सांध्यांची एकदा झालेली झीज भरून येत नाही.

उघडा. मिटा.

आता पाठ.

पाठीवर, कमरेच्या वर, आपला हात पोचत नाही. आरशात वळून बघितलं तरी सगळं दिसत नाही. तिथलं तेल रोज राहून जातं.

हाक मारा.

आई असेल, ताई असेल, नवरा, बायको, लेक. घरात कुणी नसेल तर ज्याच्यासमोर तुम्ही बाही वर करू शकता असा एखादा मित्र, एखादी मैत्रीण. मागायला जड जातं, ठाऊक आहे. तरी हाक मारा.

आणि सुरुवातीपासून जे नुसते सोबत बसले आहेत, ज्यांच्या अंगावर चट्टा नाही, त्यांची पाळी आता आली. तेल आधी तळहातावर घ्या, कोमट होऊ द्या. हात सपाट ठेवा. नखं लागू देऊ नका, जोर नको. चट्ट्याच्या कडेवर थबकू नका. नितळ कातडीवरून चट्ट्यावर आणि चट्ट्यावरून पुन्हा नितळ कातडीवर हात एकाच चालीने जाऊ द्या. ज्याच्या पाठीवर तो फिरतो त्याला फरक लगेच कळतो.

दुखतंय का, विचारा. खाजतं कुठे, विचारा.

कानांच्या मागे बघा, तिथलं बहुतेक राहून जातं. डोक्यात पापुद्रा धरला असेल तर रात्री केसांच्या मुळाशी तेल सोडून ठेवा. सकाळपर्यंत तो मऊ होतो, आणि रुंद दातांच्या फणीने, न ओढता, जेवढा सुटेल तेवढाच सोडवायचा. बाकीचा उद्या.